गॅस प्लांटमधलं रेफ्रिजरेशन: वाया जाणारे अंश कसे शोधायचे

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एखाददुसरा मुलगा माझ्याकडे येतो. फोंड्याचा, डिचोलीचा, कधी पेडण्याचा. डिप्लोमा झालेला असतो, हातात कतारचं किंवा अबूधाबीचं ऑफर लेटर असतं, नाहीतर उरण-हजिऱ्याकडची कंत्राटी नोकरी. प्रश्न ठरलेला: "प्रोपेन रेफ्रिजरेशन युनिटवर टाकलंय. जाण्यापूर्वी काय बघून ठेवू?" मी आखातातल्या एका गॅस प्लांटमध्ये बरीच वर्षं शिफ्टमध्ये काढली. त्या जोरावर जे तोंडी सांगतो तेच इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या मुलाला निदान वही घेऊन यायला नको.

गोव्यात गॅस निघत नाही, त्यामुळे असा प्लांट इथं पाहायला मिळत नाही. दाभोळ-बंगळुरू पाइपलाइनीच्या फांदीतून आपल्याकडे जो गॅस येतो तो वाळवून, गाळूनच पाइपात शिरलेला असतो. पण थंडी तयार करायची विद्या गोव्यात दर जेटीवर आहे. तिथूनच सुरुवात करा.

आधी बर्फाच्या कारखान्यात जा

मालीम, कुटबण, खारीवाडा, कुठलीही जेटी चालेल. जवळपास बर्फाचा कारखाना असतोच. मे महिन्याच्या शेवटी एकदा जा, मशीन चालू असताना. मग जूनमध्ये परत जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बर्फाला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे कंप्रेसर उघडायला कारखानदाराला हीच सवड. मालकाला विचारून जा, सोबत माहितगार माणूस घ्या. अमोनियाशी मस्करी नको.

तिथं जे चालतं ते थोडक्यात असं. द्रव अमोनिया मिठाच्या पाण्याच्या टाकीत बसवलेल्या नळ्यांमध्ये उकळतो आणि उकळताना ब्राइनमधली, म्हणजे त्या मिठाच्या पाण्यातली, उष्णता घेतो. ती वाफ कंप्रेसर ओढतो, दाबून गरम करतो. कंडेन्सरवर पाणी पडतं, वाफेचा परत द्रव होतो. तो द्रव एका व्हॉल्व्हमधून दाब गमावत पुन्हा नळ्यांत. गॅस प्लांटमध्ये अमोनियाच्या जागी प्रोपेन आणि ब्राइनच्या जागी नैसर्गिक वायू घाला, झालं तुमचं युनिट. आकार शंभरपट, तत्त्व तेच.

कारखान्यात एकच गोष्ट नीट पाहा: सक्शनच्या, म्हणजे कंप्रेसर वाफ ओढतो त्या बाजूच्या, गेजची तबकडी. तिच्यावर दोन वर्तुळं असतात. एका वर्तुळावर दाब, दुसऱ्यावर तापमान. ते तापमान कुणी थर्मामीटरने मोजलेलं नसतं. त्या दाबाला अमोनिया ज्या तापमानाला उकळतो ते तिथं छापलेलं असतं. मागच्या वर्षी एका मुलाला नेलं होतं. गेजचा काटा उणे १५ वर. ब्राइनमध्ये थर्मामीटर बुडवला तर उणे ९. पोरगा म्हणाला, "पात्रांव, यातलं एक बिघडलाय."

दोन्ही बरोबर होती. मधले ते ६ अंश म्हणजे उष्णतेला नळीच्या भिंतीतून आत जायला लागलेली किंमत. नळी स्वच्छ असली तर किंमत कमी, आत तेलाचा थर बसला की जास्त. कारखान्याचं वीजबिल त्या ६ अंशांत दडलेलं असतं, आणि गॅस प्लांटमध्येही तुम्हाला आयुष्यभर असलेच अंश शोधायचे आहेत.

थंडी कशासाठी हवी ते समजून घ्या

प्लांटवर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारा, बावळट वाटला तरी. विहिरीतून येणाऱ्या गॅसमध्ये मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि त्याहून जड घटक असतात. काही ठिकाणी गॅस फक्त इतका थंड करतात की पाइपलाइनीत पुढे द्रव सुटू नये. याला दवबिंदू राखणं म्हणतात. काही ठिकाणी एलपीजी वेगळा काढायचा असतो, मग जास्त थंडी. दोन्हींचा हिशेब वेगळा.

दवबिंदूवाल्या युनिटमध्ये बहुतेकदा गॅस गरजेपेक्षा जास्त थंड केला जातो. करारात एक आकडा असतो, त्यावर डिझाइनवाल्याने थोडी राखीव ठेवलेली असते, त्यावर एखाद्या जुन्या शिफ्ट इनचार्जने "असू दे" म्हणून आणखी ३-४ अंश ओढलेले असतात. ते कुणीही परत वर नेत नाही. सेटपॉइंट, म्हणजे कंट्रोलरला ठरवून दिलेला आकडा, कधी, कुणी, का बदलला याची नोंद शोधा. सापडली नाही तर समजा की इथं काहीतरी हाताला लागणार.

एलपीजीच्या युनिटमध्ये उलट. जास्त थंडीने जास्त माल निघतो, आणि मालाची किंमत विजेपेक्षा मोठी असू शकते. तिथं "तापमान वर न्या, वीज वाचेल" असं बोलून स्वतःचं हसं करून घेऊ नका. आधी हिशेब, मग तोंड.

दोन तापमानं, आणि त्यांच्यामधली उंची

आपल्याकडे विहिरीवर पंप बसवलेला असतो. पावसाळ्यात पाणी हाताशी असतं, मे महिन्यात खाली जातं. टाकी तेवढीच भरायची, पंप तोच, तरी मीटर जास्त फिरतो. कारण पाणी जास्त उंच चढवावं लागतं. रेफ्रिजरेशनचा कंप्रेसर उष्णतेचा पंप आहे. खालची पातळी म्हणजे चिलरमध्ये (गॅस जिथं थंड होतो त्या भांड्यात) प्रोपेन ज्या तापमानाला उकळतो ते. वरची पातळी म्हणजे कंडेन्सरमध्ये तो ज्या तापमानाला द्रव होतो ते. वीज त्या दोघांमधल्या अंतरावर ठरते.

हिशेब करून पाहा. खाली उणे ३० अंश, म्हणजे २४३ केल्विन. वर ४५, म्हणजे ३१८. अंतर ७५. आदर्श यंत्र असेल तर २४३ भागिले ७५, म्हणजे एक युनिट विजेत ३.२४ युनिट उष्णता उचलता येईल. आता वरचं तापमान १० अंशांनी उतरवा. अंतर ६५, उत्तर ३.७४. तेवढ्याच थंडीला वीज सुमारे १३ टक्क्यांनी कमी. खरं यंत्र आदर्शापेक्षा बरंच मागे असतं, पण अंतर कमी केल्याचा फायदा त्याला आदर्शापेक्षाही थोडा जास्तच होतो. ढोबळ नियम असा धरा: खालचं तापमान १ अंश वर आलं की कंप्रेसरची वीज २ ते ३ टक्क्यांनी घटते, वरचं १ अंश खाली आलं की दीड ते दोन टक्क्यांनी. आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ऑडिटर परीक्षेच्या पुस्तकांतही पहिला आकडा जवळजवळ ३ टक्केच दिलेला आहे.

प्रोपेनचे काही आकडे पाठ करून ठेवा, खिशात कागद ठेवलात तरी चालेल. वातावरणाच्या दाबाला तो उणे ४२ अंशांना उकळतो. उणे ३० ला त्याचा दाब सुमारे १.७ बार, उणे २० ला २.४, शून्याला ४.७, ४० अंशांना १३.७, ५० अंशांना १७.१. हे सगळे निरपेक्ष दाब आहेत. गेज वातावरणाचा १ बार आधीच वजा करून दाखवतो. नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती इथंच होते, वर आखातात बरेचदा पीएसआयमध्ये बोलतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. पॅनेलवरचा आकडा गेजचा की निरपेक्ष, हे विचारल्याशिवाय एकही हिशेब करू नका.

आठवडाभर नुसतं लिहा

हात लावायचा नाही. दर दोन तासांनी हे टिपा: चिलरमधला प्रोपेनचा दाब, चिलरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान, कंप्रेसरच्या सक्शन फ्लँजवरचा दाब, डिस्चार्जचा (कंप्रेसरमधून बाहेर पडतानाचा) दाब, कंडेन्सरनंतरच्या द्रवाचं तापमान, बाहेरच्या हवेचं तापमान, मोटरचे किलोवॉट, गॅसचा प्रवाह, आणि रिसायकल व्हॉल्व्ह (डिस्चार्जचा गॅस परत सक्शनला सोडणारा) किती टक्के उघडा आहे. डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या पडद्यावर, सगळं मिळतं, तरी निदान दोन-चार गोष्टी स्वतः जाऊन गेजवर बघा. पडद्यावरचा ट्रान्समीटर कधी कॅलिब्रेट झालाय ते पडदा सांगत नाही.

किलोवॉटला गॅसच्या प्रवाहाने भागा. हा तुमचा पाया. नुसते किलोवॉट बघाल तर गॅस कमी आल्याच्या दिवशी वीज वाचल्यासारखी वाटेल. बाहेरचं तापमान लिहायला सांगतोय तेही यासाठीच. मे आणि जानेवारीची तुलना करून "आम्ही सुधारणा केली" म्हणणारे मी कमी पाहिले नाहीत.

थंड बाजू

चिलर म्हणजे आडवं मोठं भांडं. नळ्यांमधून गॅस जातो, बाहेर प्रोपेन उकळत असतो. बाहेर पडणाऱ्या गॅसच्या तापमानातून प्रोपेनचं उकळण्याचं तापमान वजा करा. उत्तर ३ ते ५ अंश आलं तर तब्येत चांगली. १० आलं तर उष्णतेची वाट अडली आहे, आणि ती भरून काढायला कंप्रेसर सक्शनचा दाब खाली ओढतोय.

अडवणारा बहुतेक वेळा तेलच असतं. कंप्रेसरचं वंगण थोडंथोडं प्रोपेनबरोबर जातं, चिलरमध्ये प्रोपेन उकळून निघून जातो, तेल मागे राहतं. थंडीत ते घट्ट होतं. द्रव प्रोपेन पाण्याच्या जेमतेम निम्म्या वजनाचा, तेल त्याहून जड, म्हणून तळाशी बसतं; तिथं तेल काढायची सोय असते. बर्फाच्या कारखान्यातला म्हातारा ऑपरेटर ठरावीक दिवशी तेल काढतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मोठ्या प्लांटमध्ये हेच काम तीन खात्यांच्या मध्ये पडून राहतं.

दुसरा चोर ब्युटेन. बाहेरून भरलेला किंवा प्लांटमध्येच तयार झालेला प्रोपेन शंभर टक्के शुद्ध नसतो. जड घटक चिलरमध्ये साठत जातात आणि मिश्रण त्याच दाबाला जास्त तापमानाला उकळायला लागतं. ओळखायचं कसं? द्रवाचं प्रत्यक्ष तापमान मोजा, त्या दाबाचं कोष्टकातलं तापमान बघा. प्रत्यक्ष जास्त असेल तर संशय घ्या आणि नमुना लॅबला पाठवा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: द्रवाच्या स्वतःच्या वजनामुळेही तळाचं उकळण्याचं तापमान थोडं वर असतं, मीटरभर खोलीला पाऊण अंशाच्या आसपास. तेवढ्यावरून लॅबवाल्यांना उठवू नका. हेच कारण पातळीला लागू. पातळी फार वर ठेवली तर तळ उबदार राहतो आणि द्रवाचे थेंब कंप्रेसरकडे जायची भीती. फार खाली ठेवली तर वरच्या नळ्या उघड्या पडतात.

चिलरच्या आधीचा गॅस-गॅस एक्स्चेंजर विसरू नका. थंड होऊन निघालेला गॅस येणाऱ्या गरम गॅसला आधीच थंड करतो, ही फुकटची थंडी. ती जितकी परत मिळेल तितकं चिलरवरचं ओझं कमी. आत ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) नीट फवारलं गेलं नाही तर हायड्रेट धरतं. हायड्रेट म्हणजे पाणी आणि गॅस मिळून झालेला बर्फासारखा खडा, आणि तो शून्याच्या वरच्या तापमानालाही होतो. दोन्ही बाजूंचा दाबफरक रोज बघा. हळूहळू वाढत असेल तर फवारणीचे नोझल तपासायला लावा.

आणि सक्शनची लाइन. चिलरमधला दाब आणि कंप्रेसरच्या तोंडावरचा दाब यांत फरक किती? ०.१ बार ऐकायला काहीच नाही. पण उणे ३० ला प्रोपेनचा दाब अंशामागे जेमतेम ०.०७ बारने बदलतो. म्हणजे ०.१ बार म्हणजे जवळजवळ दीड अंश, आणि दीड अंश म्हणजे ३-४ टक्के वीज. सुरुवातीला बसवलेली बारीक जाळी कुणी काढलीच नाही, ती अर्धी बुजली, असं घडतं. वरच्या बाजूला ०.१ बारने काही बिघडत नाही. खालच्या बाजूला तो सोन्याच्या भावाचा.

गरम बाजू

आखातात बहुतेक ठिकाणी हवेवर थंड होणारे कंडेन्सर असतात: वर पंखे, खाली पात्यांच्या नळ्या, किंवा उलट. वाळूच्या वादळानंतर त्या पात्यांमध्ये पीठ भरल्यासारखी धूळ बसते. गोव्याच्या किनाऱ्यावर धुळीबरोबर खारं वारं असतं, ॲल्युमिनियमची पाती कुरतडली जातात. साफ करताना पाण्याचा फवारा पात्यांना समांतर मारा. आडवा जोरात मारलात तर पाती वाकतात, आणि मग हवा कायमचीच अडते.

पंखा फिरतोय म्हणजे हवा जातेय असं नाही. बेल्ट सैल असतो, पंख्याच्या पात्यांचा कोन चुकलेला असतो. वर वाऱ्याची दिशा अशी असते की गरम हवा वळून परत पंख्याच्या तोंडात येते. साधा उपाय: पंख्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरा आणि तो आकडा मोकळ्या मैदानातल्या तापमानाशी ताडून बघा. ४-५ अंशांचा फरक आला तर हवा गोल फिरतेय.

इथं एक खोटी काटकसर फार दिसते. रात्रपाळीत कुणीतरी दोन पंखे बंद करतो, "वीज वाचवली" म्हणून लॉगबुकात लिहितो. समजा प्रत्येक पंखा १५ किलोवॉटचा, वाचले ३०. त्यामुळे कंडेन्सिंगचं तापमान ३ अंशांनी वर गेलं आणि कंप्रेसर १००० किलोवॉटचा असेल, तर तिकडे ४५ ते ६० गेले. पंखा बंद करायचा तर दोन्ही मीटर बघून.

याच्या उलट चूक म्हणजे डिस्चार्जचा दाब वर्षभर उन्हाळ्याच्या आकड्यावर अडवून ठेवणं. जानेवारीच्या रात्री बाहेर गारवा असतो, कंडेन्सिंग आपोआप खाली येऊ शकतं, पण कंट्रोलरला सांगितलेलं असतं की दाब पडू द्यायचा नाही. तो पडू द्या, मात्र तळ गाठेपर्यंत नको. द्रव ढकलणाऱ्या पातळीच्या व्हॉल्व्हला पुरेसा दाबफरक लागतो, स्क्रू कंप्रेसर असेल तर तेल फिरवायलाही लागतो. मंजुरी घेऊन, एका वेळी अर्धा बार खाली, एक पूर्ण शिफ्ट निरीक्षण, मग पुढचा. पहाटे सगळ्यात गार असतं तेव्हा पातळ्या डळमळल्या तर समजा हद्द आली.

मग न जिरणाऱ्या, म्हणजे कंडेन्सरमध्ये द्रव न होणाऱ्या, वायूंचं प्रकरण. प्रोपेनमध्ये नायट्रोजन, मिथेन किंवा हवा शिरली की ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते. इथेन अगदी न जिरणारा नाही, पण जास्त झाला की दाब तोही चढवतो. अ‍ॅक्युम्युलेटरमधल्या (कंडेन्सरनंतरच्या साठवणीच्या भांड्यातल्या) द्रवाचं तापमान ४० असेल तर निरपेक्ष दाब १३.७ च्या आसपास, गेजवर सुमारे १२.७ हवा. गेज १४ दाखवत असेल तर वरचे १.३ बार पाहुण्यांचे. त्यांना पोसण्यासाठी कंप्रेसर जवळजवळ ४ अंश जास्त चढतोय. पण आधी खात्री करा की द्रव कंडेन्सरमध्येच जास्त गार होऊन येत नाहीये; तसं असेल तर दाब जास्त दिसतो आणि बिचारा प्रोपेन शुद्ध असतो. पाहुणे असतील तर फ्लेअरकडे (नको असलेला गॅस जाळायच्या चिमणीकडे) काढून देतात. हवा सापडली तर मात्र ते वीजबचतीचं काम उरत नाही. सक्शन वातावरणाच्या दाबाखाली गेलं होतं का, सील गळतंय का, हे त्याच दिवशी वरिष्ठांना कळलं पाहिजे. प्रोपेन आणि हवा एकत्र म्हणजे काय ते सांगायला नको.

कंप्रेसर, आणि एका सुक्या पाइपाची गोष्ट

सेंट्रिफ्यूगल कंप्रेसरला किमान प्रवाह लागतो, नाहीतर तो सर्जमध्ये जातो, म्हणजे गॅस उलटसुलट धडका मारतो. म्हणून डिस्चार्जचा थोडा गॅस परत सक्शनला सोडणारा रिसायकल व्हॉल्व्ह असतो. त्यातून जाणारा गॅस म्हणजे टाकीत चढवून परत विहिरीत ओतलेलं पाणी.

आमच्याकडे पॅनेलवर तो व्हॉल्व्ह शून्य टक्के दाखवायचा. तरी कंप्रेसर हिशेबापेक्षा जास्त वीज खात होता, आणि प्रत्येकजण दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवत होता. हिवाळ्यातली रात्रपाळी होती, आखातातली ती चिकट दमट रात्र. पहाटे चारच्या फेरीला निघालो. दवाने सगळं ओलंचिंब, रेलिंग, शिड्या, पाइप, सगळ्यांवर टॉर्च मारला की थेंब चमकत होते. एकच पाइप कोरडा. रिसायकल व्हॉल्व्हच्या पुढचा. मी दोन वेळा टॉर्च फिरवला. जो पाइप बंद असायला हवा तो उबदार होता, म्हणून त्यावर दव धरत नव्हतं. व्हॉल्व्हच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला, आत सतत सूं-सूं. व्हॉल्व्ह ज्यावर बसून बंद होतो ती सीट झिजली होती, व्हॉल्व्ह "बंद" असूनही गळत होता. शटडाउनमध्ये सीट बदलली तेव्हा महिनोन्महिने चाललेला वाद एका दिवसात मिटला. तेव्हापासून मी नव्या पोरांना सांगतो, इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवा, पण पहाटेची फेरी चुकवू नका. रंगवलेला पाइप असेल तर तो थर्मामीटर बरा चालतो. चकचकीत स्टेनलेसवर किंवा पत्र्याच्या आवरणावर खोटं बोलतो.

कंट्रोलरच व्हॉल्व्ह उघडा ठेवत असेल तर प्रश्न वेगळा. सर्जची रेषा, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचा ती हद्द, बरेचदा सुरुवातीला भीतीपोटी लांब ठेवलेली असते. ती जवळ आणता येते, पण ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाचं काम आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त किती तास, किती टक्के उघडा राहतो ते लिहून द्या.

स्क्रू कंप्रेसर असतील तर स्लाइड व्हॉल्व्ह (क्षमता कमी-जास्त करणारा) कुठे आहे ते बघा. निम्म्या क्षमतेवर चालवला म्हणजे निम्मी वीज लागते असं नाही, त्याहून बरीच जास्त लागते. दोन मशीन निम्म्या-निम्म्यावर चालवण्यापेक्षा एक पूर्ण भरून चालवा आणि दुसरं बंद ठेवा. पिस्टनचे असतील तर व्हॉल्व्हच्या झाकणांची तापमानं एकमेकांशी ताडा. एखादं सक्शन झाकण बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर आतला व्हॉल्व्ह गळतोय.

इकॉनॉमायझर

४५ अंशांचा द्रव प्रोपेन एकाच व्हॉल्व्हमधून उणे ३० च्या दाबावर सोडला तर त्यातला ४० ते ५० टक्के भाग वाटेतच वाफ होतो. ही वाफ गॅसला काही थंड करत नाही, तरी तिला खालपासून वरपर्यंत दाबावं लागतं. म्हणून मधल्या दाबावर एक भांडं ठेवतात. पहिली वाफ तिथंच सुटते आणि कंप्रेसरच्या मधल्या टप्प्यात जाते, तिची चढण निम्मीच. उणे ४० च्या आसपासच्या प्रोपेन युनिटमध्ये एका इकॉनॉमायझरने साधारण पाचवा हिस्सा वीज वाचते. दुसरा बसवला तर त्यात थोडीशीच भर पडते, म्हणून सगळेच बसवत नाहीत.

तुमच्या प्लांटमध्ये तो असेलच. प्रश्न आहे तो चालतोय का याचा. मधला दाब डिझाइनच्या आकड्यापाशी आहे का बघा. बायपास उघडा आहे का बघा. दुरुस्तीत उघडलेला बायपास उघडाच राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. शिवाय द्रव प्रोपेनला व्हॉल्व्हआधी एखाद्या थंड प्रवाहाने आणखी गार करता आलं तर वाफ होण्याचं प्रमाण घटतं. वाया जाणारा थंड प्रवाह प्लांटमध्ये कुठे आहे का, हे शोधणं डिप्लोमावाल्या पोराच्या आवाक्यातलं काम आहे. मी पाहिलेल्या चांगल्या सूचनांपैकी निम्म्या अशाच पोरांच्या होत्या.

येणाऱ्या गॅसचा दाब भरपूर असेल आणि तो नुसत्या व्हॉल्व्हमधून उतरवला जात असेल, तर टर्बोएक्स्पांडर हा शब्द कधीतरी कानावर येईल. दाब उतरताना गॅस चाक फिरवतो, जास्त थंड होतो आणि काही काम परत देतो. मोठ्या गुंतवणुकीची गोष्ट आहे, पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

इन्सुलेशन

गोव्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात ओलं म्हणजे काय ते आपण जाणतो. पत्र्याच्या आवरणाची शिवण उघडली की बाफ आत शिरते, तिचं पाणी होतं, मग बर्फ, आणि बर्फ उष्णता रोखत नाही. आवरणावर एकाच जागी दव किंवा पांढरं दिसलं की चिकटपट्टी लावून भागत नाही; ओला तुकडा काढून नवा बसवावा लागतो. आत पाइप गंजतोय का हेही तेव्हाच कळतं.

कागदावर कसं मांडायचं

तुम्ही काहीही बदलायचं नाही. सेटपॉइंटसुद्धा नाही. गॅस प्लांटमध्ये प्रत्येक बदलाला लेखी मंजुरी लागते आणि ती लागायलाच हवी. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला की गटारात, खड्ड्यात साठतो; हवेत दोन टक्क्यांच्या थोडं वर गेला की ठिणगी पुरते. अमोनिया निदान नाकाला सांगतो. शुद्ध प्रोपेनला वास नसतो.

म्हणून कागद. एक पान, त्याहून जास्त नको. वर आठवडाभराच्या नोंदींतला एक आकडा, उदाहरणार्थ "चिलरमधला फरक ४ ऐवजी ९ अंश". खाली हिशेब. कंप्रेसर १००० किलोवॉटचा, वर्षाला ८००० तास चालतो, १ अंशाला २ टक्के असं मुद्दाम कमीच धरा: २० किलोवॉट, म्हणजे वर्षाला १,६०,००० युनिट. युनिटला समजा ६ रुपये, तर ९,६०,००० रुपये, एका अंशाचे. गॅस टर्बाइनवर चालणारा कंप्रेसर असेल तर विजेऐवजी इंधन लिहा. शेवटी काय करायला परवानगी हवी आहे ते एका ओळीत: "तळाचं तेल काढणे आणि त्यानंतर सात दिवस तीच नोंद पुन्हा घेणे."

कागद थेट मॅनेजरकडे नेऊ नका. आधी तुमच्या शिफ्टच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला दाखवा, चहा पिताना. तो बहुतेक म्हणेल, "हे मी पाच वर्षांपूर्वीच सांगितलं होतं." त्याचं नाव कागदावर आधी घाला, तुमचं नंतर.